वर्गाबाहेर

शैला पाटोळेनं स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभं राहावं ही कल्पना मुळात पास्टर लँगफर्ड यांची. पुढे हे सगळेच विसरले, पास्टरही विसरले. पण खरं तेच होतं.

१९८६ सालची गोष्ट. डलासच्या उत्तरेला, प्लेनो मागे टाकून हायवेनं अजून वर गेलं की क्लेअरफिल्ड लागायचं. पंधरा वर्षांपूर्वी तिथे नुसती कापसाची शेतं होती. मग कंपन्या आल्या, कंपन्यांमागून घरं आली आणि घरांमागून चर्चेस. त्यांतलं सगळ्यात मोठं चर्च लँगफर्ड यांचं. रविवारी त्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा मिळायची मारामार.

शैला नगर जिल्ह्यातली. मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली, आणि अमेरिकेला नर्स हव्या होत्या त्या काळात नवऱ्याला घेऊन इकडे आली. बाकीच्या बायका नवऱ्यामागून येत. एकनाथ बायकोमागून आला आणि हे सांगताना त्याला कधी कमीपणा वाटला नाही. तो एका मशीन शॉपमध्ये ड्राफ्ट्समन होता. मुलगी रूथ आता हायस्कूलला होती, आणि दोघांनी एव्हाना अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. त्यामुळे टेक्ससला आल्यावर पहिल्याच रविवारी दोघं चर्च शोधत निघाली ती लँगफर्डकडे पोचली, आणि तिथलीच झाली. तेव्हा ते चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड होती. पास्टरच्या बायकोनं, डार्लीननं, शैलाला गाडी शिकवली. एकनाथला कावीळ झाली तेव्हा महिनाभर रोज कुणीतरी दारात जेवण ठेवून जायचं. परमुलखात इतकी माया लावणारी माणसं. ती माया खोटी होती असं शैला कधीच म्हणाली नाही, नंतरही नाही.

तर त्या वर्षी नाताळच्या जरा आधी, शैला इमर्जन्सीत ड्यूटीवर असताना, हायस्कूलमधल्या एका मुलाला आणलं. त्यानं स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं. डॉक्टरांनी शिकस्त केली, पण तो गेला. अंगात अजून शाळेच्या टीमचं जॅकेट होतं. ते शैलानं काढलं, घडी केलं आणि बाहेर त्याच्या आईच्या हातात दिलं. शाळेतलं असं हे पहिलंच पोर नव्हतं. चौकशी केली तेव्हा तिला कळलं, की एवढ्या मोठ्या शाळेत काउन्सेलर एकच, आणि त्याचा सगळा दिवस टाइमटेबल जुळवण्यात जातो. ज्याच्याशी पोरांनी दार लावून बोलावं असं माणूस शाळेत कुणी नाही.

बुधवारच्या प्रार्थनासभेत ती हे सगळं बोलली. बोलताना रडली नाही, चिडली होती. सभा संपल्यावर पास्टर तिच्यापाशी आले. उंच, रुंद खांद्यांचे, ऐकताना मान जराशी तिरकी करायची सवय.

"सिस्टर शैला, एप्रिलमध्ये बोर्डाच्या तीन जागांची निवडणूक आहे. तुम्ही उभ्या राहा."

"मी? मला निवडणुकीतलं काय कळतं?"

"आई आहात, नर्स आहात, प्रार्थना करणाऱ्या आहात. आणखी काय कळायला लागतं?"

एकनाथ गाडी चालवता चालवता म्हणाला, "शैला, आपण साधी माणसं. यात डोकं घालायचं?"

"त्या पोराची आई पण साधीच होती," शैला म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच विचारलं, "तो अर्ज कुठे मिळतो?"

चर्चनं तिन्ही जागांसाठी माणसं ठरवली. पहिल्या जागेला एक विमा एजंट, दुसरीला एका दंतवैद्याची बायको, तिसरीला शैला. त्यांना तयार करायला डलासच्या एका संघटनेकडून ग्रेग नावाचा माणूस यायचा. वय तिशीच्या आतबाहेर, टाय कधी सैल नाही. आधी तो अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीत काम करायचा. "व्हाइट हाउस आपल्याला मिळालंय," तो म्हणायचा, "पण देश तिथून बदलत नाही. देश शाळेतून बदलतो. शाळा बोर्डाच्या हातात असते, आणि बोर्डाच्या निवडणुकीला कुणी फिरकत नाही. आपण फिरकायचं."

त्यानं सांगितलं, की लोकांच्या दारात चर्चचं नाव काढू नका. 'कुटुंब' म्हणा, 'मूल्यं' म्हणा. शैलाला हे जरा विचित्र वाटलं. आपल्याला ख्रिस्ती म्हणवून घ्यायला तिच्या घराण्यानं काय काय सोसलं होतं, आणि इथे ख्रिस्ती बहुसंख्य असताना ते लपवायचं? पण तिनं ते गिळलं. तिच्या डोक्यात काउन्सेलर होता.

"त्याचं काय?" तिनं दोनदा विचारलं.

"बघू," ग्रेग म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यानं पेनचं टोपण लावलं. "मिसेस पाटोळे, पोरांची मनं सांभाळणं हे आईबापांचं आणि चर्चचं काम. सरकारी माणसाला बंद खोलीत आपल्या पोरांशी बोलू द्यायचं? तो त्यांना काय शिकवेल कुणास ठाऊक."

"ज्यांचे आईबाप ऐकत नाहीत आणि जे चर्चला जात नाहीत, त्या पोरांचं?"

"म्हणून तर आपण प्रार्थना शाळेत आणतोय," ग्रेग हसून म्हणाला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला.

त्यांचं मोठं वचन हेच होतं. रोज सकाळी शाळेच्या लाउडस्पीकरवरून प्रार्थना. वरच्या कोर्टानं अशा प्रार्थनेला कधीच बंदी घातली होती, पण ग्रेगला त्याची फिकीर नव्हती. कुणी खटला भरला तर हवाच होता त्यांना. तो लढत लढत वॉशिंग्टनपर्यंत न्यायचा होता. शैलाला त्या वचनात वावगं काही दिसलं नाही. प्रार्थनेनं कुणाचं वाईट झालंय?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ती सुहासिनीकडे गेली. सुहासिनी दांडेकर पुण्याची. तिचा नवरा चारुदत्त टेलिफोनच्या कंपनीत इंजिनियर, आणि मुलगी सीमा तिसरीत. दोघी मैत्रिणी मराठी मंडळात भेटल्या होत्या. पहिल्या भेटीत सुहासिनीनं, "म्हणजे तुम्ही मूळचे कोण?" असं विचारलं होतं, आणि शैलानं, "मूळचे नगरचे," असं सांगून हसून विषय संपवला होता. त्या विषयाला दोघींनी पुन्हा हात लावला नव्हता. बाकी मैत्री घट्ट होती. नाताळात शैलाकडच्या करंज्या दांडेकरांकडे जात आणि दिवाळीत तिकडून चकल्या येत.

त्या दिवशी टेबलावर चहाबरोबर शैलाचंच पत्रक पडलेलं होतं. फोटोत ती साडीत होती. ग्रेगनं मुद्दाम साडी नेसायला लावली होती.

"फोटो छान आलाय," सुहासिनी म्हणाली. मग कप फिरवत राहिली. "शैला, एक विचारू? हे लाउडस्पीकरचं. आमच्या सीमानं काय करायचं?"

"अगं, सक्ती नाही कुणावर. ज्याला नको त्यानं म्हणू नये."

"वर्गातच बसायचं?"

"बसेल की. नाहीतर..." शैला थांबली. हे तिनं कुणाला विचारलंच नव्हतं.

चारुदत्त पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, "सोड ना सुहास. आपण या देशात पाहुणे आहोत यार. ग्रीन कार्डवाल्यांनी कशाला बोलायचं?"

"पाहुणे तू आणि मी. सीमा इथे जन्मलीये." सुहासिनीचा आवाज चढला नाही, पण कप बशीत जोरात टेकला. "तिला मागच्या आठवड्यात एका मुलीनं सांगितलं, तू नरकात जाणार. ही रात्रभर माझ्याजवळ झोपली. आता ते रोज लाउडस्पीकरवरून?"

तेवढ्यात सीमा आतून आली. "शैलामावशी, आर यू द बॉस ऑफ माय स्कूल नाउ?"

"नाही गं बाळा," शैला म्हणाली. तिला चहा जाईना.

सोमवारी ड्यूटी संपल्यावर ती थेट चर्चच्या ऑफिसात गेली. पास्टर एकटेच होते. तिनं आडवळण घेतलं नाही.

"ज्या मुलांना प्रार्थना नको त्यांचं काय करायचं ठरलंय?"

"त्यांच्यावर जबरदस्ती अजिबात नाही," पास्टर म्हणाले. "त्यांनी दोन मिनिटं वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं राहायचं. प्रार्थना झाली की आत यायचं. कुणाच्या मनाला धक्का नको."

ती खुर्चीवर बसली.

"बाहेर," ती म्हणाली.

"दोनच मिनिटं, शैला."

"रोज."

"रोज," पास्टर म्हणाले. मग तिच्याकडे पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमचं मन मोठं आहे. तुमच्या हिंदू मैत्रिणींची तुम्हाला काळजी वाटते, ते स्वाभाविक आहे. पण विचार करा, ती मुलं त्या व्हरांड्यात उभी राहतील, आतली प्रार्थना ऐकतील, आणि एक दिवस त्यांनाच आत यावंसं वाटेल. तुमचे पूर्वज असेच आले ना?"

पास्टरच पुढे म्हणाले, "येत्या रविवारी तुम्ही साक्ष द्या. सगळ्या चर्चसमोर. तुमचं घराणं अंधारातून प्रकाशात कसं आलं ते सांगा. ग्रेग म्हणतो, हे लोकांनी ऐकलंच पाहिजे."

"सांगते," शैला म्हणाली.

तो आठवडा तिनं कसा काढला हे एकनाथलाच ठाऊक. पोळी तव्यावर करपायची. शनिवारी तिनं त्याला विचारलं, "अहो, उद्या मी खरं ते सांगितलं तर ही माणसं आपल्याला तोडतील."

एकनाथ बुटांना पॉलिश करत होता. त्यानं ब्रश खाली ठेवला. माणूस मितभाषी, पण बायकोच्या वडिलांकडून त्यानंही तिच्या आजोबांची सगळी हकीगत ऐकलेली होती. "तोडतील," तो म्हणाला. "मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण तू आजोबांना विकून निवडून आलीस तर मला तुझ्याशेजारी बसवणार नाही."

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. गाणी झाली. पास्टरनी तिची ओळख करून दिली. काळोख्या देशातून आलेली बहीण, म्हणाले. टाळ्या पडल्या. शैला माइकपाशी गेली. पहिल्या रांगेत डार्लीन हसून मान हलवत होती, लहान मुलाला धीर द्यावा तशी.

"माझ्या आजोबांचं नाव विष्णू," शैलानं सुरुवात केली. "बाप्तिस्मा घेतला तरी त्यांनी नाव बदललं नाही. आईनं ठेवलेलं नाव आहे, म्हणाले. ते अंधारात होते असं तुम्हाला सांगितलं गेलंय. ते अंधारात नव्हते. ते उन्हात होते. गावच्या शाळेच्या भिंतीबाहेर, खिडकीखाली, भर उन्हात बसायचे. कारण आमच्या जातीच्या मुलाला वर्गात यायला बंदी होती. मास्तर आत शिकवायचे, आणि आजोबा बाहेर बसून जेवढं ऐकू येईल तेवढं शिकायचे. पाटीला मास्तर हात लावत नसत. चुकलं तर खिडकीतून खडा मारायचे."

ही साक्ष चर्चच्या ओळखीच्या वळणानं चालली होती. लोक पुढे वाकून ऐकत होते.

"मग नगरच्या मिशनशाळेत त्यांना एका मडमेनं हाताला धरून आत नेलं आणि बाकावर बसवलं. आजोबा ख्रिस्ती झाले ते त्या बाकामुळे. उपदेशामुळे नाही, उपदेश त्यांना नंतर कळला. त्या शाळेत हिंदू मुलं होती, मुसलमान होती. प्रार्थना सुरू झाली की मडम सांगायची, ज्याला म्हणायची त्यानं म्हणा, नाही त्यानं नुसतं बसा. पण बाहेर कुणी जाणार नाही. या वर्गातून कुणीही बाहेर जाणार नाही. आजोबा हे वाक्य मरेपर्यंत सांगायचे, तिच्याच मोडक्यातोडक्या मराठीत."

ती पाणी प्यायली.

"आता आपण ठरवतोय की आपली प्रार्थना होईपर्यंत काही मुलांनी वर्गाबाहेर उभं राहायचं. दोनच मिनिटं, असं मला सांगितलं. मी ख्रिस्ती आहे. माझ्या घरात रोज प्रार्थना होते आणि होत राहील. पण मी निवडून आले तर एकाही मुलाला वर्गाबाहेर काढायला हात वर करणार नाही. ज्या येशूनं माझ्या आजोबांना आत घेतलं, त्याच्या नावानं तर नाहीच नाही. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं, म्हणून सांगितलं."

टाळी पडली नाही. पास्टर उठले, माइकपाशी आले आणि सरळ शेवटच्या गाण्याचा आकडा सांगितला. शैला जागेवर येऊन बसली तेव्हा रूथनं तिचा हात घट्ट धरला. "मॉम," ती कुजबुजली, "दॅट वॉज क्रेझी. आय मीन, गुड क्रेझी."

ग्रेगचा फोन दुपारीच आला. माघार घ्या, म्हणाला. शैलानं नाही सांगितलं. तोवर मतपत्रिकेतून नाव काढायची मुदत उलटून गेली होती आणि तिसऱ्या जागेला दुसरा उमेदवारच नव्हता. चर्चच्या धाकानं कुणी उभंच राहिलं नव्हतं. तेव्हा चर्चनं वॉल्टर शॉनहोफर नावाच्या कंत्राटदाराला उभं केलं. त्याचं नाव मतपत्रिकेवर छापलेलं नसणार. ज्याला तो हवा त्यानं नाव हातानं लिहायचं.

त्या आठवड्यात डार्लीन घरी आली. स्वयंपाकघरात नेहमीच्या खुर्चीत बसली, पण पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

"रॉयच्या मनाला फार लागलंय," ती म्हणाली. रॉय म्हणजे पास्टर. "तुला आम्ही घरच्यासारखं मानलं, शैला."

"मी पण."

"मग घरचं भांडण चारचौघांत मांडतात का?"

"डार्लीन, चारचौघांत बोल असं मला त्यांनीच सांगितलं होतं." शैला तिच्यासमोर बसली. "तू मला गाडी शिकवलीस. हायवेवर पहिल्यांदा घातली तेव्हा मी रडत होते आणि तू म्हणालीस, ब्रेकवर पाय ठेवून कुणी कुठे पोचत नाही. ते मी विसरलेले नाही. तुझे उपकार विसरणार नाही. पण या एका गोष्टीत मी मागे यायची नाही."

डार्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठली, शैलाच्या गालाला ओठ लावले आणि निघून गेली. नंतर ती फोनवर आली नाही.

पत्रकं गेली, ग्रेग गेला, चर्चची माणसं गेली. राहिला एकनाथ. त्यानं गॅरेजमध्ये प्लायवूडच्या पाट्या कापल्या आणि ड्राफ्ट्समनच्या सुबक अक्षरांत त्यांच्यावर नाव रंगवलं. रूथनं शाळेतल्या मैत्रिणी जमवल्या. सुहासिनीला मत नव्हतं, पण गाडी होती, आणि इतका वेळ गिळलेला राग होता. ड्यूटी संपली की शैला युनिफॉर्म बदलून गाडीत बसायची, आणि दोघी एकेक गल्ली धरायच्या.

एकदा असंच जाताना सुहासिनी समोर बघत म्हणाली, "आजोबांचं मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं होतंस. मूळचे कोण म्हणून."

सुहासिनीनं सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाली, "माझे आजोबा मास्तर होते. कोकणात, खेड्यातल्या शाळेत. त्यांच्या खिडकीखाली कोण बसायचं, हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही." तिनं डोळे पुसले, आणि मागच्या गाडीनं हॉर्न दिला तशी निघाली. शैलानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. यावर आणखी काही बोलायचं असेल तर त्याला पुढे जन्म पडला होता. आत्ता उजेड होता तोवर आणखी एक गल्ली करायची होती.

दारं उघडायची, काही तोंडावर लागायची. एका बाईनं, "तू तीच ना, देवाच्या विरोधातली?" असं विचारलं. "नाही हो, मी देवाच्याच बाजूची," शैला म्हणाली. तोवर दार लागलं होतं. पण एका घरी बाप्टिस्ट पंथाचा एक म्हातारा भेटला, पडवीत मटार सोलत बसलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सरकारनं प्रार्थना सांगायची म्हणतात?" तो म्हणाला. "बाई, एके काळी या देशात आम्हा बाप्टिस्टांना सरकारी पाद्र्याचं ऐकत नाही म्हणून तुरुंगात टाकत. माझा बाप सांगायचा, सरकारला वेदीजवळ येऊ द्यायचं नाही; आलं की ते वेदीवरच बसतं. लँगफर्ड तरुण आहे, विसरला असेल." मग त्यानं विचारलं, "पाटी आहे का एखादी?" आणि ती स्वतः अंगणात ठोकली.

तिला दारोदारी कळलं ते हे, की लोक लँगफर्डच्या बाजूचेही नव्हते आणि तिच्याही नव्हते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. काउन्सेलरचं बोललं की मात्र बायका दारातून बाहेर येत, आवाज खाली करून आपल्या पोरांचं सांगत. एका घराची बेल वाजवली तर त्या नाताळातल्या मुलाच्या आईनंच दार उघडलं. शैलाला पाहून ती ओळखून थांबली. निवडणुकीचं शैला एक अक्षरही बोलली नाही. दोघी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "मला ठाऊक आहे तू कशाला फिरतेस," ती बाई शेवटी म्हणाली. "फिरत राहा."

एप्रिलमध्ये, मतदानाच्या शनिवारी, जोराचा वारा सुटला होता. प्लायवूडच्या निम्म्या पाट्या आडव्या झाल्या. पहिल्या दोन्ही जागा चर्चनं आरामात जिंकल्या. तिसरीचा निकाल लागायला उशीर झाला, कारण शॉनहोफर हे जर्मन नाव लोकांनी नाना तऱ्हांनी लिहिलं होतं आणि कुठलं धरायचं यावर वाद चालला होता. सगळी धरूनही शैला थोडक्या मतांनी पुढे राहिली. "आपलं नाव अवघड म्हणायचे ना हे लोक?" एकनाथ घरी येताना म्हणाला. "पाटोळे निदान छापलेलं होतं." आणि मग कितीतरी दिवसांनी तो मोठ्यानं हसला.

बोर्डाची पहिली बैठक मे महिन्यात झाली. हॉल भरून माणसं भिंतीला टेकून उभी होती, त्यातली बरीच तिच्याच चर्चची. सात सभासद. विमा एजंटनं प्रार्थनेचा ठराव मांडला. दंतवैद्याच्या बायकोनं अनुमोदन दिलं. बोर्डाच्या वकिलानं सांगितलं, की खटला होणार आणि आपण हरणार. हॉलमधून कुणीतरी ओरडलं, "होऊ दे!" जुन्या सभासदांपैकी एकानं बाजूनं हात वर केला. तिघे झाले. दुसऱ्या तिघांनी विरोधात केले. राहिली शैला.

अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं, चुकीचंच. तिनं समोर पाहिलं. पास्टर पाचव्या रांगेत होते, मान जराशी तिरकी करून, ती त्या बुधवारच्या प्रार्थनासभेत बोलली तेव्हा होती तशी. त्या माणसानं एकनाथच्या उशाशी बसून प्रार्थना केली होती. तिला वाटलं, हे हाताला धरून कुणाला आत नेणारेच हात आहेत. यांना हे कसं दिसत नाही? पण ते त्यांना दाखवणं तिच्या हातात नव्हतं. तिच्या हातात एक मत होतं.

"विरोधात," ती म्हणाली. आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

गलका झाला. अध्यक्ष हातोडा आपटत राहिले. तो शांत होईतो शैला खुर्चीत ताठ बसून राहिली, आणि मग तिनं स्वतःचा ठराव मांडला: हायस्कूलला दोन काउन्सेलर, ज्यांना टाइमटेबलचं काम द्यायचं नाही. तो त्या दिवशी मंजूर झाला नाही, कमिटीकडे गेला. पुढच्या महिन्यात परत आला, तेव्हा पडला. ऑगस्टमध्ये तिनं तिसऱ्यांदा मांडला, आणि त्या वेळी एका काउन्सेलरपुरता का होईना, मंजूर झाला. दंतवैद्याच्या बायकोनं बाजूनं मत दिलं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, शैलानं विचारलं नाही.

पण ते पुढचं. मेमधल्या त्या बैठकीनंतरच्या रविवारी सकाळी एकनाथनं विचारलं, "आज कुठे जायचं? मेथडिस्टांकडे जाऊन बघू या का? तिथला पाळक बरा वाटला."

"आपल्या चर्चला," शैला म्हणाली. ती आरशासमोर साडीला पिन लावत होती.

"शैला, तिथे कुणी बोलणार नाही आपल्याशी."

"नको बोलू दे. मला तिथून कुणी काढलेलं नाही. मी आपण होऊन बाहेर जाऊन उभी राहणार नाही."

तिघं गेली. पार्किंगमध्ये नेहमीसारखीच जागा नव्हती. एकनाथनं गाडी लांब गवतात लावली. दारावर पत्रिका वाटणाऱ्या माणसानं त्यांना पत्रिका दिली आणि नजर वळवली. ती मधल्या रांगेत बसली. त्या बाकावरची दोन कुटुंबं उठून दुसरीकडे गेली. बाक रिकामा पडला. रूथ मान खाली घालून नखं खाऊ लागली. शैलानं हळूच तिचा हात तोंडातून काढला.

पास्टर वेदीपाशी आले. त्यांनी मधली रांग पाहिली. मग पहिलं गीत सांगितलं. सगळे उभे राहिले. शैलाही उभी राहिली, पुस्तक उघडलं, आणि आपल्या नगरी उच्चारातल्या इंग्रजीत, एकही कडवं न गाळता, सगळ्यांबरोबर गाऊ लागली.